कल्ल्याची परीक्षा

आत्याचं मशीन वरच्या हॉलपर्यंत चढवायला दोन माणसं लागली, आणि ती नेमकी एकमेकांशी न बोलणारी निघाली.

"डावीकडे," वरून थोरले म्हणाले.

"कुणाच्या डावीकडे?" खालून लेथवाल्यानं विचारलं. विचारलं ते जिन्याला, भावाला नव्हे.

"ज्याला डावं-उजवं कळतं त्याच्या," थोरले कठड्याला म्हणाले.

मधे अडकलेल्या मशीनची मालकीण दोन पायऱ्या खाली उभी राहून जिवाचा आटापिटा करत होती. "अरे दादा, पाडू नका रे! कवळ्या घासायचं मशीन आहे ते, उद्या तीन म्हाताऱ्यांचे दात तयार करायचेत मला." आत्या दातांची डॉक्टर. दोन भावांच्या पाठची ही एकटी बहीण, त्यामुळे दोघांमधे अडकायची तिला लहानपणापासून सवय होती. आज तिचं मशीन अडकलं इतकंच.

बोलणं बंद झालं होतं ते घराण्याच्या पाठशाळेच्या गेल्या सभेपासून. लेथवाल्याच्या मुलीला, भिंगरीला, कल्ल्याच्या परीक्षेला बसू द्यायचं की नाही यावर मतदान झालं होतं. थोरले आणि आत्या म्हणाले, नाही. लेथवाला आणि थोरल्यांची बायको, मोठी काकू, म्हणाले, हो. पाचवे विश्वस्त आबा, तिन्ही भावंडांचे चुलत काका, यंत्राशिवाय ठार बहिरे. बिस्किटांची बशी आपल्याकडे सरकवा म्हणून त्यांनी हात वर केला आणि ठराव मंजूर झाला. बशी काकूनं नेमकी त्याच क्षणी लांब सरकवली होती, हे थोरल्यांनी पाहिलं होतं. बायकोशी बोलणं बंद करणं परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी भावाशी बंद केलं.

ही परीक्षा म्हणजे या घराण्याचं खूळ. मोठ्या आजोबांनी वेद शिकवायची पाठशाळा काढली तेव्हा जागेच्या नावानं शून्य होतं. एका पत्रे ठोकणाऱ्याच्या दुकानावर त्यांना फुकटात खोली मिळाली. खाली दिवसभर ठोकाठोक आणि वर पाठांतर. लोक हळहळायचे, पण आजोबा खूश. "शांततेत काय, कुणीही ऋषी होतो," म्हणायचे. पुढं संस्था रीतसर नोंदली गेली आणि फर्निचरच्या दुकानावरचा हा हॉल मिळाला. देणगीदार आले, सभासद आले, संस्थेची घटना लिहिली गेली, तेव्हा आजोबांनी तिच्यात एक कलम घुसडलंच. इथं शिकवणारा घरातला हवा, आणि त्यानं ठरलेला भाग घनपाठानं म्हणून दाखवायला हवा. तो म्हणत असताना बाकीच्या घरानं मिळून त्याला चुकवायचा प्रयत्न करायचा. अंगाला हात लावायचा नाही, बाकी सगळं माफ. एकाच जागी तीनदा अडखळला की उठायचं. परीक्षक दोन, आणि त्यांनी तोंड उघडायचं नाही. उघडलं की परीक्षकपण गेलं, निकाल उरलेल्यानं द्यायचा. शेवटचा नियम लिहिलेला नव्हता पण सगळ्यात कडक होता: कल्ल्यात बोललेलं कल्ल्यातच राहतं, घरी न्यायचं नाही.

आता घनपाठ म्हणजे काय, तर सरळ म्हणायचंच नाही. पहिला शब्द, दुसरा. मग दुसरा, पहिला. मग पहिला, दुसरा, तिसरा. मग उलटं, तिसरा, दुसरा, पहिला. मग पुन्हा सरळ. एवढं झालं की एक शब्द पुढं सरकायचं आणि हेच सगळं नव्यानं. शब्द इकडचा तिकडं होऊ नये म्हणून जुन्या शहाण्यांनी घातलेली ही वीण आहे. शाबूत डोक्याचा माणूसही यात गरगरतो, आणि या घरात शाबूत डोक्याची माणसं कमीच.

"दादा, मला अजून कळत नाही हे कशासाठी चाललंय," मशीन एकदाचं टेकल्यावर आत्या धापा टाकत म्हणाली. "युवराज आहे ना? तो पास झालाय, संध्याकाळचा वर्ग घेतो. वर्षअखेर तू थांबलास की तो बसेल तुझ्या जागी. मग ही पोर कशाला?"

"तेच तर मी म्हणतोय," थोरले म्हणाले. जपून, हळू म्हणाले. घशाच्या डॉक्टरनं त्यांना बजावलं होतं की एक तर शिकवणं बंद करा, नाहीतर आवाजच बंद होईल. चाळीस वर्षं पहाटेचा वर्ग घेऊन त्यांचा घसा जुन्या दाराच्या बिजागरीसारखा झाला होता. "पण इथं बिस्किटांवर ठराव पास होतात."

काकू खुर्च्या मांडत होती. तिनं ऐकलं आणि गालातल्या गालात हसली.

युवराज म्हणजे थोरल्यांचा आणि काकूचा एकुलता एक. नाव घरानंच ठेवलेलं, आणि ते ऐकलं की तो तोंड वाकडं करायचा. तो आज एक मोठं पीठ मळायचं मिक्सर घेऊन आला होता.

"मित्राचं आहे," न विचारताच त्यानं सांगून टाकलं.

काकूनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कानाच्या पाळीमागं पीठ होतं. गेलं वर्षभर पोराच्या शर्टाच्या बाह्यांत, बुटाच्या नाडीत, एकदा तर चष्म्याच्या काडीत तिला पीठ सापडत होतं. वर्गावर तो जांभया देत यायचा. थोरले म्हणायचे, बघ, रात्र-रात्र जागून पाठांतर करतं पोरगं. काकू हो म्हणायची. नवऱ्याच्या सुखात विरजण घालायचं तर चांगला मुहूर्त तरी हवा, असं तिचं मत होतं.

"कान पूस," ती हळूच म्हणाली. युवराजनं कान पुसला, पण दुसरा.

*

भिंगरी कामावरूनच आली. बापाच्या वर्कशॉपमधे लेथवर ती त्याच्या बरोबरीनं उभी राहायची, नखांत ग्रीस असायचं. तिची आई नर्स, आज ड्यूटीवर. निघताना एवढंच म्हणाली होती, निकाल कळवा, पण तो कल्ला मला नको, वॉर्डात भरपूर आहे.

ती हात धुऊन मधल्या चटईवर बसली. समोर दोन खुर्च्या: एकीवर थोरले, दुसरीवर आबा. आबांनी कानातलं यंत्र काढलं, रुमालात गुंडाळलं आणि खिशात ठेवलं. आबा डोळ्यांनी परीक्षा घ्यायचे. या शाळेत तोंडाबरोबर हातही म्हणतो. स्वर चढला की हात खांद्याकडे जातो, उतरला की गुडघ्याकडे. शब्द ज्या अक्षरावर संपेल तशी बोटं मिटतात. आबांना त्या हातावरून सगळं वाचता यायचं. त्यांच्यासारखा परीक्षक लाच देऊनही मिळाला नसता, कारण लाच किती, हे त्यांना ऐकूच गेलं नसतं.

"मोठे काका, सुरू करू?" भिंगरीनं विचारलं.

थोरल्यांनी मान हलवली. तिच्याकडे बघणं त्यांनी टाळलं. तिच्या सातव्या वर्षी त्यांनी तिला वर्गाच्या दारातून परत पाठवलं होतं. मुलींना नसतं शिकवत, असं म्हणाले होते. ती रडली नाही, वाद घातला नाही. सरळ बापाच्या वर्कशॉपमधे गेली आणि म्हणाली, तुम्ही शिकवा. बाप शिकला होता सगळं, फक्त परीक्षा न देता लेथ घेऊन बसला होता. देवाशी आणि लोखंडाशी त्याचं सारखंच जमायचं.

भिंगरीचा हात उठला, पहिला शब्द आला, आणि सगळं घर तिच्यावर तुटून पडलं.

लेथवाल्यानं पोलादी पत्र्यावर हातोडा घातला. बाप म्हणून तो कच खाईल अशी आत्याला शंका होती, पण त्यानं असा घातला की खालच्या दुकानातल्या माणसानं वर छताकडे बघितलं. काकूनं दोन मोठी झाकणं घेतली. आत्यानं पायानं पेडल दाबलं आणि मशीन किंचाळायला लागलं. तो आवाज ऐकून प्रत्येकाच्या दाढा आपोआप एकमेकींवर बसल्या. युवराजच्या मिक्सरमधे काकूनं मूठभर चमचे टाकले.

भिंगरीचा हात चढत-उतरत राहिला. दुसरा, पहिला. पहिला, दुसरा, तिसरा. आबांनी समाधानानं डोळे बारीक केले.

"अगं ए, तुझ्या मागं उंदीर!" आत्या ओरडली. काही फरक नाही. "तुझ्या स्कूटरला आग लागली!" काही नाही. "तुझं लग्न ठरलं!"

"कुणाशी?" लेथवाल्यानं दचकून विचारलं.

"अरे तू कशाला ऐकतोस! हातोडा मार!"

पण आवाजाचं एक असतं. आत शिरायला भीती वाटते. एकदा शिरलं की पोहायला लागतो माणूस. थोड्याच वेळात हॉलमधे अशी काही धमाल उसळली की कुणाला आपण काय बोलतोय याची शुद्ध राहिली नाही. आणि तोंडाला लागलेलं बूच उडालं.

सुरुवात काकूनं केली. झाकणं आपटत ती थेट नवऱ्याच्या खुर्चीसमोर गेली. "अहो, ऐका! तुमच्या प्रवचनाच्या पुस्तकातलं शेवटचं प्रकरण मी लिहिलंय! तुम्ही झोपला होतात! सगळ्यांना तेच आवडलं!"

थोरल्यांचं तोंड उघडलं. परीक्षक आहोत हे आठवून ते मिटलं.

"आणि बिस्किटांची बशी मी मुद्दाम सरकवली!"

"मला ठाऊक होतं!" असं थोरल्यांचे डोळे म्हणाले, कारण डोळ्यांना बोलायला बंदी नव्हती.

लेथवाल्याला चेव आला. "दादा! लहानपणी तुझी सायकल मी विहिरीत टाकली नव्हती! मी फक्त ढकलली, ती स्वतःहून गेली!"

आत्या खदाखदा हसत होती. पेडलवर पाय तसाच दाबलेला, डोळ्यांतून पाणी. हसता हसता तिला कळेना, पाणी कशाचं आहे. समोर ती पोर बसली होती, ताठ, हात वर-खाली, आणि आत्याच्या लक्षात आलं की आपण तिच्याबरोबर ओठ हलवतोय. मशीन किंचाळत असताना ती थोरल्या भावाच्या कानाशी वाकली आणि सगळा दम लावून ओरडली, "मला का नाही बसवलं रे? मलाही येत होतं! परकराच्या वयात तुम्हा दोघांचं ऐकून ऐकून पाठ झालं होतं मला! एकदा तरी विचारायचं होतंस!"

थोरल्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"म्हणून मी नाही म्हटलं!" आत्या आता भिंगरीकडे वळली. "मला नाही तर हिला तरी कशाला, असं वाटलं मला! माझं चुकलं! म्हण तू! म्हण, रांडे, थांबू नकोस!" आणि विरोधात मत दिलेल्या या बाईनं विजयी मुद्रेनं पेडल आणखी खोल दाबलं.

युवराज हे सगळं बघत होता. सगळे बोलून मोकळे होतायत, आणि आपलंच तेवढं आत अडलेलं. त्यानं मिक्सरचा वेग शेवटच्या आकड्यावर नेला. आत चमचे थैमान घालत होते. या आवाजात तर बॉम्बही ऐकू येणार नाही, असा त्यानं हिशेब केला. डोळे मिटले, छाती भरून घेतली.

एका वायरवर कवळ्यांचं मशीन, मिक्सर, आणि डोक्यावरचे चार पंखे. हॉल जुना, वायर त्याहून जुनी. कोपऱ्यात काहीतरी चट्ट झालं आणि सगळं एकदम थांबलं. मशीन, मिक्सर, पंखे, सगळं.

"मी वर्गबिर्ग घेणार नाही, मी बेकरीत काम करतो, पाव करतो, मला पावच करायचेत!"

हे वाक्य हॉलच्या बरोबर मधोमध, स्वच्छ उजेडात, एकटं उभं राहिलं.

*

लेथवाला तेवढा धावला. वीज गेली की पळायचं, हा त्याचा अंगचा स्वभाव. भावाच्या मुलानं काय म्हटलं हे त्याच्या डोक्यात शिरायच्या आत तो जिना उतरून खालच्या फ्यूजच्या पेटीकडे गेला होता. बाकीचे जागच्या जागी. काकूच्या हातात झाकणं, आत्याचा पाय पेडलवर.

आणि त्या शांततेत भिंगरी अडखळली.

तिनं मागे जाऊन तोच शब्द पुन्हा घेतला. दुसरा, तिसरा, तिसरा, दुसरा, आणि पुन्हा तिथंच जीभ थांबली. हात अर्ध्यावर लटकला. आबांनी दोन बोटं वर केली.

आता एकदाच.

आत्याला वाटलं, पोर घाबरली. काकूला वाटलं, विसरली. खरं काय ते भिंगरीला ठाऊक होतं, आणि ते सांगायची सोय नव्हती. ती शांततेत कधी शिकलीच नव्हती. सगळा पाठ लेथच्या आवाजात, बाप तिकडून ओरडतोय, ती इकडून ओरडतेय. मशीन बंद झालं की बाप हात पुसून डबा उघडायचा, आणि पाठ संपायचा. सतरा वर्षं असंच. मशीन थांबलं की थांबायचं, हे तिच्या जिभेलाच पाठ झालं होतं. पुढचा शब्द तिला समोर दिसत होता, तोंडात मात्र येत नव्हता. तिनं डोळे मिटून घेतले.

आणखी एका माणसाला हे ठाऊक होतं. ते थोरले.

एकदा काही निरोप द्यायला ते वर्कशॉपवर गेले होते. दाराशी पोचले आणि आतून त्यांना लेथच्या घरघरीवरून तिचा आवाज ऐकू आला. एकही चूक नव्हती. ते चपला न काढता तिथंच उभे राहिले, बराच वेळ. मग लेथ थांबला आणि आवाजही थांबला. निरोप न देताच ते परत फिरले. घरी कुणाला सांगितलं नाही.

आता त्यांना फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं हे तर परीक्षकाचं कर्तव्यच. पोरगी उठेल. मुलगा पाव करेल. शिकवणारा कुणी उरला नाही की घटनेप्रमाणे संस्था बंद. सतरा मुलांची दुसरीकडे सोय लावता येईल, हॉलवर तर खालच्या दुकानदाराचा कधीपासून डोळा आहे, सोफे ठेवायला. आणि मग पहाटे उठायचं कारणच नाही. हा शेवटचा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो इतका गोड होता की त्यांना स्वतःची भीती वाटली.

भिंगरीचे ओठ हलले. ती तिसऱ्यांदा सुरू करणार होती.

थोरल्यांनी टाळी वाजवली.

कल्ला कसा करतात हे त्यांना येतच नव्हतं. जन्मभर "शांत बसा" एवढंच म्हणत आलेला माणूस. पहिली टाळी अगदी सभेतली, सभ्य. मग त्यांनी पाय आपटला. मग खुर्ची उचलून आपटली. काकूच्या हातातून एक झाकण गळून पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं.

"अहो, घसा! आणि तुम्ही परीक्षक..."

"गेलं खड्ड्यात!" थोरले गरजले. निदान गरजायला गेले. आवाज फाटून त्याच्या चिंध्या झाल्या. "बेकरी! काय रे गाढवा, बेकरी? पहाटेचा वर्ग नको म्हणून बेकरीत गेलास? बेकरीत किती वाजता उठतात ठाऊक आहे का तुला? तीनला!"

"अडीचला!" युवराज किंचाळला.

"अडीचला! ऐका! मी चारला उठायला सांगितलं तर याला जड होतं!"

"ते वेगळं असतं, बाबा! पाव फुगतात!"

"अरे मग वेदांनी काय करायला हवं होतं, फुगायला हवं होतं?"

आत्याला हसू आवरेना. ती मशीनवर पालथी पडून हसायला लागली. काकूनं उरलेलं झाकण भिंतीवर आपटलं. "ओरडू नका त्याच्यावर! मला वर्षभर ठाऊक आहे! पाव चांगले करतो तो! तुम्ही रोज खाता ते त्याचेच!"

"काय? ते... तो कडेला भाजलेला?"

"तोच!"

"तो तर उत्तम असतो!" थोरले दुप्पट संतापानं ओरडले. आणि ओरडता ओरडता, डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांनी पाहिलं: चटईवरचा हात उठला होता. खांद्याकडे गेला. गुडघ्याकडे आला. बोटं मिटली. अडलेला शब्द मागे पडला होता.

म्हणजे आता थांबून चालणार नव्हतं.

"भांडा!" ते म्हणाले. "अरे कुणीतरी भांडा माझ्याशी! तू, तुला विचारलं नव्हतं ना मी कधी? ये, आता भांड!"

"तू दुष्ट आहेस, दादा!" आत्या आनंदानं ओरडली.

"आहे! आणखी!"

"आणि कवळी तुलाही लागणारे, सांगून ठेवते! मागच्या दोन दाढा हलतायत!"

"लागू दे! मला काय हवंय ठाऊक आहे का तुम्हाला कुणाला? विचारलंत कधी?" थोरले खुर्चीवर चढले. वयाच्या सत्तराव्या वर्षी, धोतर सावरत, ते खरोखरच खुर्चीवर चढले. "मला झोपायचंय! मला आठ वाजेपर्यंत झोपायचंय! चाळीस वर्षं मी उजेडात उठलेलो नाही! लग्नाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा वर्ग घेतलाय मी!"

"घेतलाय!" काकू किंचाळली. "मी विसरलेले नाही!"

"मला आजारी पडायचीही सोय नाही! मला वाटलं, ही पोर... हिनं कशाला यात पडायचं? हिचे हात चालतात, हिला धंदा येतो, हिला हसता येतं! मी बाहेर ठेवलं तेव्हा परंपरा म्हणून ठेवलं, ते चुकलं माझं, शंभरदा चुकलं! पण आत्ता नाही म्हणालो ते... अरे, माझ्यासारखी होईल ना ती!"

तेवढ्यात खाली लेथवाल्यानं फ्यूज बसवला. चार पंखे, एक मिक्सर आणि कवळ्यांचं मशीन एकाच वेळी जिवंत झालं, आणि युवराजनं निसटलेलं मिक्सर मिठी मारून धरलं. धापा टाकत वर आलेल्या लेथवाल्याला दिसलं ते असं: बहीण हसून हसून आडवी, वहिनी भिंतीला झाकणानं मारतेय, पुतण्या मिक्सरशी कुस्ती खेळतोय, आणि ज्याच्याशी आपण बोलत नाही तो भाऊ खुर्चीवर उभा राहून, झोप पाहिजे, झोप पाहिजे, म्हणून रडतोय. त्यानं कसलाही प्रश्न न विचारता हातोडा उचलला आणि पत्र्यावर घातला.

भिंगरीचं कधी संपलं हे कुणालाच कळलं नाही. आबांनी मात्र पाहिलं. शेवटच्या शब्दावर हात गुडघ्यावर येऊन थांबला, बोटं मिटली, उघडली. आबांनी वर धरलेली दोन बोटं खाली घेतली, रुमाल सोडून यंत्र कानात घातलं, आणि लगेच घाबरून परत काढलं.

"झालं!" ते ओरडले. बहिऱ्या माणसाच्या ओरडण्याला तोड नसते. सगळे गप्प झाले. "पास! दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा निघाली! हात स्वच्छ आहे. तुझ्यापेक्षा स्वच्छ," ते थोरल्यांना म्हणाले. "आणि तू खुर्चीवर काय करतोयस?"

थोरल्यांना उतरता येईना. चढताना रागाचा आधार होता, आता तोही गेलेला. लेथवाल्यानं हात पुढं केला.

"डावा पाय आधी टाक, दादा."

"कुणाचा डावा?" थोरल्यांनी फाटक्या आवाजात विचारलं आणि भावाचा हात धरला.

भिंगरी चटईवरून उठली होती. गाल लाल, डोळे भरलेले, आणि एवढा वेळ दाबून धरलेलं हसू आता तिला आवरत नव्हतं. हसतच ती वाकली, पाया पडली आणि तशीच खाली बसून राहिली. "मोठे काका, कडेला भाजलेला म्हणालात ना, तेव्हा मी मेले असते! जीभ चावून धरली!"

"मग उद्या पहाटे..." थोरले एवढंच म्हणू शकले. पुढचा आवाज निघेना.

"येते ना. चारला."

काकूनं नवऱ्याचं तोंड हातानं बंद केलं. "बोलू नका आता. महिनाभर बोलू नका. घर किती छान होईल."

*

दुसऱ्या दिवशी थोरल्यांना चारच्या आधीच जाग आली, सवयीनं. ते उठून बसले, पाय जमिनीवर टेकवले, आणि मग त्यांना आठवलं. पाय पुन्हा वर घेतले. शेजारी काकू घोरत होती.

त्यांची खोली हॉलच्या बरोबर वरच्या मजल्यावर. खालच्या हॉलमधे दिवा लागल्याचा उजेड खिडकीवर आला. खुर्च्या सरकल्या, कुणीतरी खोकलं, कुणाचं तरी दप्तर पडलं, दोघं हसले. इतकी मुलं असली की शांतता कसली, त्यामुळे भिंगरी अडायचं काही कारण नव्हतं. तरी त्यांनी कानावरचं पांघरूण बाजूला केलं. मग तिचा आवाज आला, एकदा. मागोमाग सगळ्या मुलांचा, दोनदा.

ते उताणे पडून ऐकू लागले. चाळीस वर्षांत त्यांनी हा वर्ग कधी ऐकला नव्हता, नुसता घेतला होता. डोळे उघडे ठेवून, एकेक शब्द मोजून-मापून ते ऐकत होते. पहिली चूक सापडली की निरोप धाडायचा, मग निवांत झोपायचं, असं त्यांनी ठरवलं. लहान मुलांची एक सापडली. पण ती तिनं तिथल्या तिथं सुधारली, म्हणून ती धरता येईना. दुसरी ओळ झाली, तिसरी झाली. ते कान टवकारून वाट बघत राहिले. चूक काही येईना.

काकूला जाग आली तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि खोलीत ऊन भरलं होतं. ती घाबरून उठली, वाकून तिनं नवऱ्याच्या नाकाशी बोट धरलं, गरम श्वास लागला तशी हळूच पडदा ओढून घेतला.